उजव्या कुशीवर

वर्झाझात, मोरोक्को
१२ फेब्रुवारी १९९७

चि. इद्रीस यास यामना आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र लिहिणं मला भाग पडलं, कारण काल तुझं पत्र तुझ्या वडिलांना वाचून दाखवताना मी त्यातल्या दोन ओळी गाळल्या. शुद्धलेखनात एक शब्द गाळला म्हणून एकतीस वर्षं मी मुलींना बाकावर उभं केलं. काल मीच दोन ओळी गाळल्या आणि त्या जागी तुमच्याकडे गुडघाभर बर्फ पडलं आहे, असं वाचलं. अल्लालने विचारलं, शामाला बूट आहेत ना. मी म्हटलं, आहेत. माझ्या भावाला अक्षर येत नाही याचा मी असा फायदा घेतला. रात्रभर मला स्वतःचं तोंड पाहवेना.

तुझं पत्र मला नीट कळलं आहे का ते बघ. नाताळच्या सुट्टीआधी शामाच्या वर्गात बाईंनी चित्रपटाची कॅसेट लावली. त्यात एक दाढीवाला अरब एका गोऱ्या बाईच्या गळ्याला सुरा लावतो, ओरडतो, आणि शेवटी गोळी खाऊन मरतो. तो मेल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा शामा उभी राहिली आणि म्हणाली, की ते माझे आजोबा आहेत. मुलं हसली. तिने पडद्यावरच्या त्या माणसाच्या कानाच्या पाळीवरचा तीळ दाखवला, तसाच तीळ असलेला आजोबांचा फोटोही दप्तरातून काढून दाखवला, आणि हसणं थांबलं. तेव्हापासून शाळेच्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी असते. एका मैत्रिणीच्या आईने वाढदिवस रद्द झाल्याचा फोन केला, आणि वाढदिवस झाला. तुझ्या इस्पितळात साहेबांनी हसत हसत विचारलं, की घरचा धंदा तूही शिकला आहेस काय.

आणि मग त्या दोन ओळी : बा ते काम सोडत नाहीत तोवर शामा वर्झाझातला येणार नाही. या उन्हाळ्यात नाही, पुढच्याही नाही.

शामाला अल्लालने शेवटचं पाहिलं तेव्हा ती चार वर्षांची होती. या जूनची तो वाट पाहतो आहे, हे तुला मी सांगायला नको. ईदच्या दिवशी त्याने शेजारच्या न्हाव्याला विचारून घेतलं, की अकरा वर्षांच्या मुली काय खातात.

मी तुझ्याच बाजूची आहे. पस्तीस वर्षं मी त्याला हेच सांगते आहे, की परके लोक येतात, तुझ्या डोक्याला फडकं बांधतात, हातात बंदूक देतात आणि जगाला सांगतात की हे लोक असेच. त्याचा एकही चित्रपट मी तत्त्व म्हणून पाहिलेला नाही. तो नुसता हसतो आणि माझ्या ताटात जास्तीचं मांस वाढतो. पुढच्या महिन्यात इथे नवा मोठा चित्रपट सुरू होतो आहे. मी स्वतः तिथे जाऊन त्याला घरी आणीन, आणि त्या दोन ओळी त्याच्या तोंडावर वाचीन.

आता तुझ्याविषयी. तू पाठवलेल्या फोटोत तुझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर एडी असं लिहिलं आहे. मला चष्मा आहे, मी आंधळी नाही. तुझं नाव तुझ्या आजोबांचं होतं. एडी कुणाचं आहे ते कळव.

लोभ आहे, राग त्याच्या शेजारीच बसला आहे. दोन्ही ठेवून घे.

तुझी आत्या,
यामना

---

टोलेडो, ओहायो
२७ फेब्रुवारी १९९७

ती. यामना आत्यास, हातावर ओठ टेकून सलाम. वि. वि.

पत्र उघडताना मी उभा राहिलो, सवयीने. सूझन विचारत होती, की कुणाचं पत्र आहे. मी म्हटलं, मुख्याध्यापिकांचं.

एडी कुणाचं ते सांगतो. मी इस्पितळात रक्त काढतो. सुई घेऊन जवळ गेलो की लोक बिल्ला वाचतात. पहिल्या वर्षी बिल्ल्यावर इद्रीस होतं. एका म्हाताऱ्या बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाही खाली ओढून घेतली. दुसरं कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं, तेही अगदी नम्रपणे. एका आठवड्यात असं तीनदा झालं. आत्या, त्या बाईंना आयुष्यात एकही अरब भेटलेला नव्हता. तरी त्यांना तो पाठ होता. त्यांना तो कुणी शिकवला? मी घरी येऊन टीव्ही लावला आणि पडद्यावर बा होते. एका गल्लीत, हातात सुरी घेऊन. मला हसू आलं, मग आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी नवा बिल्ला मागितला.

मी सात वर्षांचा असताना बाजाराच्या मैदानात चादर लावून त्यांचा एक चित्रपट दाखवला होता, तुम्ही अर्थातच आला नव्हता. बा पडद्यावर आले की सगळा मोहल्ला त्यांच्या नावाने ओरडायचा. ते मेले तेव्हा सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या. बाजूचा बेकरीवाला म्हणाला, की असं मरावं तर अल्लालने. त्या रात्री माझ्याइतका श्रीमंत मुलगा पूर्ण दरीत नव्हता. इथेही ते मेले की टाळ्या पडतात. माझी मुलगी त्या टाळ्यांमध्ये बसली होती.

शामा रडत नाही. रडली असती तर बरं झालं असतं. वर्गात हात वर करणं तिने थांबवलं आहे. गेल्या सोमवारी बसवर नवा चालक आला, त्याने सहज विचारलं, की बाळ तुझं घराणं मूळचं कुठलं. ती म्हणाली, स्पेनचं. हे मला तिनेच सांगितलं, आणि सांगताना माझ्या बिल्ल्याकडे पाहत होती.

म्हणून त्या दोन ओळी लिहिल्या. तुम्ही त्या वाचल्या नाहीत याचा मला राग नाही, पण त्या खोट्याही नाहीत. बांना फक्त एक विचारा. त्यांना तीळभर तरी ठाऊक आहे का, की ते इथे काय दिसतात? आणि ठाऊक असेल, तर का?

तुमची सून सूझन तुम्हाला नमस्कार सांगते. तिच्या मते तुम्ही इथल्या शाळेत आठवडाभर येऊन उभ्या राहिलात तरी पुष्कळ होईल.

तुमचा लोभ परीक्षेशिवाय मिळत नाही हे ठाऊक असलेला,
इद्रीस

---

वर्झाझात
१६ मार्च १९९७

चि. इद्रीस यास आशीर्वाद. वि. वि.

मी गेले होते. त्याला आणायला गेले होते आणि एकटी परत आले. का, ते क्रमाने लिहिते.

पहाटे पाचला चौकातून बस निघते. बसमध्ये ऐंशी-नव्वद पुरुष, सगळे मला आदराने लल्ला यामना म्हणत जागा द्यायला उठले. त्यातल्या निम्म्यांच्या बहिणी माझ्या हाताखालून गेल्या आहेत. वरच्या डोंगरातले आपले अमाझिग जमातीचे लोकही बरेच होते. एकाने मला सांगितलं, की लल्ला, आम्हाला अरबी धड येत नाही, पण इथे आम्ही अरब असतो, आणि आज दुपारनंतर आम्ही इराणी आहोत. बस हसली.

मैदानात प्लास्टरचं एक अख्खं शहर उभं आहे. लांबून पाहिलं तर खरं, मागे गेलं तर काठ्या. तिथे उतरल्याबरोबर कपडेवाल्या बाईंनी मला कामाला आलेली समजून हातात काळं वस्त्र दिलं आणि खुणेने सांगितलं, की विधवांच्या रांगेत बसून छाती पिटायची. मी त्यांना फ्रेंचमध्ये म्हटलं, की मी खरी विधवा आहे आणि आमच्याकडे विधवा चार महिने दहा दिवस पांढरं नेसते. बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, की असेल, पण अरब बायका काळ्यात रडतात हे प्रेक्षकांना माहीत आहे. मी म्हटलं, की मग प्रेक्षकांना त्याच वर्गात आणखी एक वर्ष बसवा. त्यांनी मला खुर्ची दिली.

आता मुख्य गोष्ट.

ऐंशी माणसं एका उतारावरून धावत येणार, समोरून गोळ्या सुटणार, आणि सगळी मरणार, असा तो प्रसंग. अल्लाल पुढे होता. इशाऱ्याचं निळं निशाण खाली आलं, कानठळ्या बसवणारा आवाज झाला, आणि माणसं पडली. धूळ उठली. मग कुणीतरी ओरडून सगळ्यांना स्तब्ध राहायला सांगितलं, आणि धूळ हळूहळू खाली बसू लागली.

इद्रीस, मी तीन दशकं भूगोल शिकवला आहे. दिशा मला शोधाव्या लागत नाहीत. धुळीतून आधी पाय दिसले, मग अंगं. प्रत्येकाचं डोकं दक्षिणेला होतं, पाय उत्तरेला. प्रत्येक जण उजव्या कुशीवर होता. प्रत्येकाचं तोंड पूर्वेला, काबेकडे होतं. ऐंशीच्या ऐंशी. कुणी धावताना अडखळल्यासारखा पडला होता, कुणी गिरकी घेऊन, कुणी गुडघ्यावर येऊन, पण शेवटी सगळे तसेच, जसं आपण आपल्या माणसाला मातीत ठेवतो. नदीपलीकडची आपली दफनभूमी कुणीतरी उघडून माझ्यासमोर ठेवली आहे असं मला वाटलं. मी खुर्चीवरून उठले. मी कशासाठी आले होते ते मला आठवेना. माझ्या तोंडून आपोआप दुआ निघाली, आणि शेजारी कॅमेऱ्याचा एक माणूस सफरचंद खात होता. त्याला काहीच दिसलं नव्हतं.

मग दिसलं, की ऐंशीत एकच जण चुकला होता. नवा होता, चित्रपटातल्यासारखा हात फेकून पाठीवर पडला होता. तेवढ्यात मेलेल्या अल्लालचा हात हळूच पुढे आला, त्याच्या खांद्याखाली गेला आणि त्याला कुशीवर वळवलं. सहायक बाई भोंग्यातून किंचाळल्या, की प्रेत हललं. सगळं पुन्हा करावं लागलं. अल्लालने उठून, छातीवर हात ठेवून सर्वांची माफी मागितली, त्या नव्याला बाजूला घेऊन कसं वळायचं ते दाखवलं, आणि ऐंशी माणसं पुन्हा वर चढली आणि पुन्हा मेली. या वेळी कुणीही चुकलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला धरलं. मानेवर लाल रंग, हातात सुपाची वाटी. मी विचारलं, की हे काय आहे. तो म्हणाला, की मी रबातहून इथल्या शाळेत बदलून आले त्या वर्षी त्याने पहिलं काम केलं आणि तो वाळूत पालथा पडला. शेजारी म्हातारा बाशीर पडला होता, आपल्या दफनभूमीत कबरी खणायचा तो. संध्याकाळी बाशीर त्याला म्हणाला, की पोरा, इतकी माणसं आपल्याला मेलेलं बघणार. आपल्याला कुशीवर वळवायला तिथे दुसरं कोण आहे? तेव्हापासून ते असं पडतात, आणि नव्यांना शिकवतात. पस्तीस वर्षांत एकाही परदेशी माणसाने विचारलं नाही. त्यांना वाटतं, की ऊन डोळ्यांवर येतं म्हणून आम्ही तोंड फिरवतो. अल्लाल म्हणाला, की मारायचं त्यांनी ठरवलेलं असतं, कुणाला मारतो आहोत ते त्यांनी ठरवलेलं नसतं. नाव नाही, आई नाही. पडायचं कसं, तेवढं आपल्याकडे राहतं.

मग मी त्या दोन ओळी वाचल्या. गाळल्या होत्या हेही सांगितलं. त्याने वाटी खाली ठेवली आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मला वाटलं तो तुझ्याविषयी काही बोलेल. त्याने विचारलं, की पोरगी खरंच उभी राहिली? सगळ्यांसमोर? मी हो म्हटलं. त्याने वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाला, की परक्यांसमोर हा आमचा माणूस, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी खाली पाहिलं. शाळेत शिक्षकांच्या खोलीत भावाच्या चित्रपटांचा विषय निघाला की मी वह्या तपासायला घ्यायचे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर : नाही, त्याला ठाऊक नव्हतं. आणि तुझ्या अटीचं उत्तर, त्याच्याच शब्दांत : इद्रीस तिचा बाप आहे, त्याने तिला जपावं, मी रागावणार नाही. पण पुढच्या आठवड्यात डोंगरातून चाळीस नवे येत आहेत. मी काम सोडलं तर ते पालथे पडतील.

यावर मी वाद घातला नाही. मी, वाद घातला नाही.

तरी एक लिहिते, कारण मी अजून शुद्धीवर आहे. कुशीवर पडल्याने तो चित्रपट सुधारत नाही. तुझ्या म्हाताऱ्या बाईंना दिशा दिसत नाही. शामाच्या शेजारची जागा भरत नाही. पण तू त्या कॅसेटी आण आणि बघ. या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे नको, तो पडल्यावर बघ.

लोभ तसाच, पण आज जरा कमी बोलणारा.

यामना आत्या

---

टोलेडो
२७ एप्रिल १९९७

ती. आत्यास आणि बांना, ईदचे उशिराचे सलाम. वि. वि.

कॅसेटच्या दुकानातून अकरा चित्रपट आणले. दुकानदार म्हणाला, की वाळवंटाचं फारच वेड दिसतंय. मी म्हटलं, की घरचे व्हिडिओ आहेत. त्याला विनोद वाटला.

पहिले दोन मी एकट्याने पाहिले. एकात बा छपरावर मरतात, दुसऱ्यात विहिरीपाशी. उजवी कूस. सावल्यांवरून मी दिशा काढली, तुम्ही शिकवली होती तशी. पूर्व. मी पुन्हा मागे घेऊन पाहिलं. त्यांच्या मागे तिघं पडतात, कॅमेरा त्यांच्यावर क्षणभरही थांबत नाही, आणि तिघंही तसेच. मला जिन्यावर शामाचा श्वास ऐकू आला. ती कधीपासून बसली होती कोण जाणे.

मी तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. काही गाळलं नाही.

पुढचे नऊ आम्ही दोघांनी मिळून पाहिले. पाचव्यात एक दृश्य हेलिकॉप्टरमधून घेतलं आहे. खाली लढाई संपलेली आणि मैदानभर माणसं. शामाने चित्र थांबवलं, टीव्हीच्या काचेवर पातळ कागद धरला आणि प्रत्येक माणसामागे एक रेघ ओढली. मग कागद काढून जमिनीवर ठेवला. आत्या, त्रेचाळीस रेघा. सूझन स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तशीच उभी राहिली. एखाद्याने शेत विंचरावं तशा त्या रेघा होत्या. ज्याने तो चित्रपट बनवला, ज्याने तो कापून जोडला, ज्या लाखो लोकांनी तो पाहिला, त्यांच्या डोळ्यांसमोर पंधरा वर्षं एक दफनभूमी होती, आणि ती कुणी पाहिली नव्हती. मीही नाही.

दोन रेघा तिरक्या होत्या. एक, बाटलीतल्या रंगाने काळी केलेली दाढी चिकटवलेला गोरा कसरतपटू. शामा म्हणाली, की तो आपल्यातला नाही, त्याला कुणी सांगितलंच नसेल. दुसरा पाठीवर होता. ती काचेला नाक लावून पाहत राहिली, मग तिने मला बोलावलं. त्या माणसाच्या खांद्यावर शेजारच्या प्रेताचा हात होता. बोटं पसरलेली. तिथे चित्र कापलं आहे. कुणाला कळलंच नाही, की प्रेत हललं.

तिने आवाज बंद केला आणि ते सगळं पुन्हा सुरुवातीपासून पाहिलं. आवाज नसताना तो वेगळाच चित्रपट होता.

माझा राग गेला असं समजू नका. ज्याने सुरा धरलेल्या माणसाचा चेहरा पाहिला, त्याला रेघा दिसणार नाहीत. शामा तो कागद शाळेत घेऊन गेली. बाईंनी तो पाहिला, छान म्हटलं, आणि हा विषय वर्गासाठी जड आहे म्हणून परत दिला. बसमधली जागा अजून रिकामीच आहे. पण शुक्रवारी उतरताना शामाने चालकाला सांगितलं, की मी स्पेनची नाही, खोटं बोलले होते, माझे आजोबा वर्झाझातचे. तो म्हणाला, की ते कुठे आहे मला ठाऊक नाही. ती म्हणाली, की जूनमध्ये मी बघून येते आणि सांगते.

मला तिने विचारलंच नव्हतं. रात्री मी तिला माझी अट सांगितली, आणि बांनी ती मान्य केली नाही हेही सांगितलं. ती म्हणाली, की मग नव्यांना कोण वळवणार?

अट मागे घेतो. मला सुट्टी मिळत नाही, ती एकटी येईल. तिने बांना प्रश्न लिहिले आहेत, सोबत आहेत.

लोभ असावा, मी तो या वेळी थोडासा कमावला आहे.

इद्रीस

---

वर्झाझात
१४ मे १९९७

चि. शामा हिला आजोबा अल्लालकडून पुष्कळ पापे. वि. वि.

मी बोलतो आहे आणि यामना लिहिते आहे. (जसं बोलतो तसं लिहिते आहे. व्याकरणाची जबाबदारी माझी नाही. – या.)

तू विचारलंस, की हेलिकॉप्टरवाल्या चित्रात डावीकडून चौथा कोण. तो मुबारक बेकरीवाला. जिवंत आहे. आजवर तीस वेळा मेला आणि प्रत्येक वेळी गुडघ्याची तक्रार करतो. ज्याच्या खांद्यावर हात आहे, तो सालेम, नंतर बेल्जियमला गेला, त्याला आता चार मुलं आहेत. हात माझाच.

तू विचारलंस, की पडताना लागत नाही का. आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा, आणि सगळा श्वास आधीच सोडून द्यायचा. श्वास धरला की हाड मोडतं. इथे आलीस की गवतावर शिकवीन. (शिकवणार नाही. – या.) शिकवीन.

तू विचारलंस, की त्या बाईच्या गळ्याला सुरा लावताना काय वाटलं. सुरा लाकडाचा होता. त्या बाईंना सर्दी झाली होती आणि त्यांच्या कपड्याला खिसा नव्हता, म्हणून त्यांचे रुमाल माझ्या बाहीत होते. सुरा लावायचो, बाई किंचाळायच्या, थांबा म्हटलं की मी रुमाल द्यायचो. चार दिवस असं चाललं. जाताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मला वाटलं, काम चांगलं झालं.

आता जे तू विचारलं नाहीस ते सांगतो. पोरी, मला वाटायचं की ट्रक निघून गेले की चित्रपटही निघून जातो. आमच्या मैदानावरून शहर उतरवतात, काठ्या बांधतात, आणि दुसऱ्या दिवशी तिथे बकऱ्या चरतात. मागे काही उरत नाही. तो एवढ्या लांब जातो, इतकी वर्षं टिकतो, आणि एक दिवस तुझ्या वर्गात येऊन बसतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी अडाणी आहे पण विचारू शकलो असतो. विचारलं नाही. त्याची माफी मागतो, तुझी आणि तुझ्या बापाची. (इथे मी चहा केला. – या.)

काल मी काम देणाऱ्या चित्रपटवाल्यांकडे गेलो आणि सांगितलं, की सुरा धरणार नाही, ओरडणार नाही, पुढे उभा राहणार नाही. मागे पडायचं काम करीन आणि नव्यांना शिकवीन. ते म्हणाले, की अल्लाल, तुझा चेहरा फार छान भीतिदायक आहे. मी म्हटलं, तो आता एका मुलीला बघायचा आहे, तिच्यासाठी राखून ठेवला आहे. ते हसले. (मी हसले नाही. – या.)

इद्रीसला सांग, की तो बरोबर होता. आणि मीही थोडा बरोबर होतो. दोन्ही होऊ शकतं का, ते यामनाला विचारलं, तर ती म्हणते की भूगोलात होतं.

लवकर ये. प्रेम पाठवतो, ते तिकडे जास्त भरलं तर इकडे परत आण.

तुझा आजोबा,
अल्लाल
(लेखनिक : यामना)

---

वर्झाझात
२६ जून १९९७, गुरुवार

चि. इद्रीस यास आशीर्वाद. वि. वि.

काळजीत असशील म्हणून थोडक्यात. मुलगी पोहोचली. कासाब्लांकाला मी तिला घ्यायला गेले होते, विमान दोन तास उशिरा आलं. विमानतळावरच्या शिपायाने तिला विचारलं, की कुणाकडे चाललीस. तिने तुझ्या वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आणि सगळी अक्षरं स्पष्ट उच्चारली. हे तिला कुणी शिकवलं ते मला कळलं आहे. बिल्ल्यावर पुन्हा इद्रीस लिहून घ्यायचा अर्ज केलास, हे तिनेच सांगितलं. तू लिहिलं नव्हतंस.

घाटात तिला दोनदा उलटी झाली. तिसऱ्या वळणानंतर तिने काचेला डोकं टेकवलं आणि डोंगर पाहत राहिली. मी नावं सांगत होते, तिने हात वर करून मला थांबवलं आणि विचारलं, की आत्या-आजी, पूर्व कुठे. मी दाखवली. ती तिकडेच बघत बसली, गावापर्यंत.

बसथांब्यावर चाळीस-पन्नास माणसं होती. मला वाटलं बाजार आहे. सगळे त्याच्याबरोबरचे होते, मुबारक पुढे, अंघोळ करून, स्वच्छ पायघोळ जलाबे घालून.  ती पायरीवर आली तेव्हा त्यांनी मधून वाट केली. वाटेच्या टोकाला तो उभा होता. मी आयुष्यात पुष्कळ बक्षीस समारंभ पाहिले, पण एवढी शांत गर्दी पाहिली नाही. ती पळाली नाही, चालत गेली. त्याच्यासमोर थांबून तिने त्याच्याकडे वर पाहिलं, आणि मग मागे वळून त्या सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, की हे माझे आजोबा आहेत. अरबीत. एकाही उच्चाराची चूक नव्हती. मुबारकने धावत जाऊन त्याला खुर्ची आणली.

तू नव्हतास म्हणून रीतसर नोंद करून पाठवते. जपून ठेव.

सुपूर्द केल्याची नोंद. स्थळ वर्झाझात बसथांबा, वेळ संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं. देणार, यामना. घेणार, अल्लाल.

मुलगी एक, नाव शामा, वय अकरा, तब्येत ठीक, पोट रिकामं.
पेटी एक, चाक एक तुटलेलं, तुटलं ते विमानात, माझ्याकडून नाही.
खोकल्याचं औषध, अर्धी बाटली.
सूझनने पाठवलेला केक, घाटात चेपलेला, तरी पूर्ण.
गुंडाळी करून रबर लावलेला पातळ कागद एक, त्रेचाळीस रेघांचा. मुलीने स्वतःच्या हाताने दिला.

वरील सर्व मिळालं. घेणाऱ्याला सही येत नसल्याने खाली अंगठा घेतला आहे. शाई माझी. कुठे उमटवायचा ते त्याला दिसत नव्हतं, म्हणून अंगठा मुलीने धरला.